पोस्कियावोचा काळा उंदीर आणि जुळलेली गुणसूत्रे

घरात वावरणाऱ्या छोट्या उंदराच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात. सगळी एकबाहू, म्हणजे सेंट्रोमिअर (पेशी विभागताना गुणसूत्राला जिथे ओढणारे धागे चिकटतात ती जागा) अगदी टोकाला. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांमुळे हा आकडा इतका अंगवळणी पडला होता, की १९७० साली आल्फ्रेड ग्रॉप आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडच्या पोस्कियावो खोऱ्यातल्या उंदरांत २६ गुणसूत्रे दाखवली, तेव्हा ती वेगळी प्रजातीच वाटावी. तंबाखूच्या कारखान्यातल्या या गडद उंदराला १८६९ मध्ये तसे स्वतंत्र नाव मिळालेही होते. पण त्याच्यात ७ जोड्या द्विबाहू निघाल्या. दोन-दोन एकबाहू गुणसूत्रे सेंट्रोमिअरशी जुळलेली, म्हणून ४० वजा १४. बाहू मोजले तर चाळीसच. अशी जोडणी रॉबर्टसन यांनी १९१६ मध्ये टोळवर्गीय कीटकांत वर्णिली होती. उंदीर मात्र घरातलाच निघाला.

ही मोजणी वाटते तितकी सोपी नाही. रानातून पकडलेल्या उंदराच्या अस्थिमज्जेत विभाजन होत असलेल्या पेशी कमी मिळतात, म्हणून आदल्या दिवशी यीस्ट टोचतात. मग कोल्चिसीन, म्हणजे विभाजन मध्येच थांबवणारे रसायन. ते जास्त वेळ राहिले तर गुणसूत्रे आखडतात आणि कुठला बाहू कोणता ते कळत नाही. पुढे पेशी फुगवण्यासाठी ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ३७ अंशांवर १५-२० मिनिटे. कमी पडले तर गुणसूत्रांचा गुंता सुटत नाही, जास्त झाले तर पेशी फुटून दोन-चार गुणसूत्रे हरवतात आणि चुकीचा आकडा पदरी पडतो. शेवटी पेशी आहेत तशा टिकवण्यासाठी मिथेनॉल व असेटिक आम्ल ३:१. एका पेशीवर कधीच विसंबू नये.

सत्तरच्या दशकात पट्टे उमटवणारी रंगक्रिया आली आणि खरा प्रश्न पुढे आला: कोण कोणाला जुळले आहे? १९ अलिंगी (लिंग न ठरवणाऱ्या) गुणसूत्रांतून १७१ जोड्या संभवतात. इटलीत २२ गुणसूत्रांचे उंदीर सापडले. २००० साली मदेराच्या एकाच बेटावर सहा गुणसूत्रवंश, म्हणजे वेगवेगळ्या जोडण्यांचे उंदरांचे गट, नोंदले गेले. त्यामुळे नुसता ‘२२’ हा आकडा आमच्या मते अर्धीच माहिती आहे. दोन्हीकडे २२ असूनही जोड्या वेगळ्या असल्या, तर संकरात अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (बीजपेशी बनतानाच्या विभाजनाच्या) वेळी गुणसूत्रांच्या लांब साखळ्या किंवा कडी तयार होतात आणि संकर बहुधा वांझ राहतो. एकच जोडणी फरकाची असेल तर तिघांचा गट बनतो, तो बहुतेक वेळा नीट सुटतो.

न सुटल्यास एखादे गुणसूत्र जास्तीचे जाते. ग्रॉप यांनी याच दोषाचा उपयोग केला. एक बाहू समान असलेल्या दोन जोडण्या एकाच नरात आणून त्यांनी हव्या त्या गुणसूत्राची तिसरी प्रत असलेले भ्रूण मिळवले. त्यातला १६व्या गुणसूत्राचा भ्रूण पुढे डाऊन सिंड्रोमच्या अभ्यासात वापरला गेला, कारण तो विकार २१व्या गुणसूत्राच्या तिसऱ्या प्रतीमुळे होतो आणि माणसाच्या या गुणसूत्रावरची बरीच जनुके उंदरात १६व्यावर आहेत.