पार्श्वभूमी : स्वादुपिंडाचा दाह आणि 'स्युडोसिस्ट' या शब्दाचा घोळ

१८८९ मध्ये बॉस्टनच्या एका डॉक्टरने रुग्णांची लक्षणे आणि शवविच्छेदन यांची सांगड घालून स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे सविस्तर वर्णन केले आणि सुरुवातीच्या दिवसांत शस्त्रक्रिया फार धोक्याची ठरते, असा इशाराही दिला. स्वादुपिंड स्वतःच्याच पाचकरसात पचू लागते, ही कल्पना १८९६ची. १९२९ मध्ये रक्तातले अमायलेज (स्वादुपिंडातले एक पाचक द्रव्य) मोजता येऊ लागले आणि पोट न उघडता निदानाची वाट सापडली.

पुढे सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो एका शब्दाने. दाहानंतर स्वादुपिंडाजवळ काहीही साठलेले दिसले, की त्याला सरसकट 'स्युडोसिस्ट' म्हणत; खरे तर स्युडोसिस्ट म्हणजे भोवती भिंत धरलेला निव्वळ द्रवाचा साठा. १९९२ मध्ये अटलांटात तज्ज्ञांच्या बैठकीत व्याख्या ठरल्या, तरी घोळ मिटला नाही. कारण सीटी स्कॅनवर निव्वळ द्रव आणि द्रवात पडलेले स्वादुपिंडाचे व आसपासचे मृत तुकडे पुष्कळदा सारखेच दिसतात. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये ते तुकडे जास्त स्पष्ट कळतात. द्रवच आहे असे समजून बारीक नळी घातली, तर पाणी वाहून जाते, मृत भाग आतच राहतो आणि नळीवाटे जंतू शिरतात. नाव चुकले, की रुग्णाच्या जिवावर बेतू शकते ते असे.

या व्याख्यांच्या २०१२च्या सुधारणेत प्रश्न दोनच उरले : आत मृत भाग आहे का, आणि दाह सुरू होऊन ४ आठवडे उलटले का? मृत भाग असेल आणि भोवती पक्की भिंत धरली असेल, तर तो 'वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस' (भिंतीने वेढलेला मृत भाग), स्युडोसिस्ट नव्हे. या कसोटीवर खरा स्युडोसिस्ट बराच दुर्मीळ ठरतो. रिपोर्टात मात्र तो शब्द अजूनही सर्रास आढळतो, आणि हे मला गंभीर वाटते.

मृत भाग काढण्यापूर्वी भिंत धरेपर्यंत थांबण्याला आकड्यांचाही आधार आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात मृत भागाला जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांना आधी फक्त नळी घातली. त्यांतल्या ३५ टक्क्यांना पुढे मृत भाग काढण्याची गरजच पडली नाही. २०२१ मध्ये तिथेच नळीही लांबणीवर टाकून पाहिली. त्या गटातले ४९ पैकी १९ जण अँटिबायोटिकवरच निभावले. अर्थात आत रक्तस्राव झाला किंवा आतड्याला छिद्र पडले, तर ४ आठवड्यांची वाट पाहता येत नाही.