अंड्यातल्या पिल्लाचं हाड: पहिलं खनिज कोणतं, या वादाची पार्श्वभूमी

हाडातलं खनिज अ‍ॅपेटाइटच्या, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम फॉस्फेटच्या, जातीचं आहे, हे क्ष-किरणांनी १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. वाद आहे तो अगदी सुरुवातीला साचणाऱ्या खनिजाबद्दल. १९६०च्या दशकात एक मत जोर धरू लागलं: आधी स्फटिकरूप नसलेलं कॅल्शियम फॉस्फेट साचतं आणि तेच पुढे अ‍ॅपेटाइट बनतं.

हे तपासायला कोंबडीचा गर्भ सर्वांत सोयीचा. मोठ्या प्राण्याच्या हाडात जुनं-नवं खनिज मिसळलेलं असतं; अंड्यातल्या २१ दिवसांत मात्र हाड कितव्या दिवसाचं, हे नेमकं ठाऊक असतं. हाड गोठवून त्याची पूड करायची आणि पाण्याचा अंश नसलेल्या जड द्रवांत घनतेनुसार वेगळी करायची. सर्वांत हलका भाग तो सर्वांत नवा. पाणी कटाक्षाने टाळायचं, कारण कोवळं खनिज त्यात पाहता पाहता बदलतं.

१९७९मध्ये अशा नव्या हाडात ब्रुशाइट (कॅल्शियम फॉस्फेटचंच एक वेगळं स्फटिकरूप) सापडल्याचं प्रसिद्ध झालं. १९८४मध्ये वेगळाच निष्कर्ष आला: सर्वांत कोवळ्या भागातही अस्फटिक फॉस्फेट आढळत नाही, आहे ते अतिशय बारीक, सदोष रचनेचं अ‍ॅपेटाइटच. त्यानंतर बरीच वर्षं हा विषय मिटल्यातच जमा होता. माझ्या मते हा निकाल पुराव्यापेक्षा जास्त ताणला गेला. मोजणीच्या पकडीत न येण्याइतकं थोडं आणि थोडाच वेळ टिकणारं खनिज त्या पुडीत शिल्लक राहील, याची खात्री कोणालाच देता येत नव्हती.

२००८मध्ये झेब्राफिश या छोट्या माशाच्या वाढत्या परांच्या काट्यांत अस्फटिक फॉस्फेट दिसलं आणि जुना प्रश्न पुन्हा उघडला. पुढच्या टप्प्याबद्दल मात्र फारसा मतभेद नाही: हाड जसं जुनं होतं तसं आम्लधर्मी फॉस्फेट घटतं, कार्बोनेट वाढतं आणि स्फटिक सुधारतात.

आता लक्ष वाहतुकीकडे वळलं आहे, आणि तिथेही कोंबडीचाच गर्भ उपयोगी पडतो. बाहेर येणाऱ्या पिल्लाच्या अंगातलं सुमारे ८० टक्के कॅल्शियम कवचातून आलेलं असतं, आणि ते रक्तातूनच हाडापर्यंत पोहोचतं. ते विरघळलेल्या रूपातच जातं, असं गृहीत धरलं जाई. २०१६मध्ये गर्भाच्या हाडाजवळच्या रक्तवाहिन्यांत पटलात गुंडाळलेले खनिजकण दिसले. म्हणजे हाडात साचण्याआधीच खनिज तयार होत असावं, ही शक्यता आता गांभीर्याने तपासावी लागते.