कॅनडात औषधी गांजा : डॉक्टरांचा कागद आणि त्यावरचा एक आकडा

आईच्या पायांतल्या नसांचं दुखणं रात्रीची झोप उडवायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनीच कॅनाबिस तेलाचा विषय काढला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे गांजाच ना रे?" हो, गांजाच. पण इथे त्याला रीतसर वाट आहे आणि ती आपल्या घरांतही नीट माहीत असायला हवी.

१७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात सज्ञान माणसाला दुकानातून कॅनाबिस मिळतं. तरी रुग्णाने परवानाधारक विक्रेत्याकडे औषधी नोंदणी करावीच, असं माझं मत आहे. दुकानातली खरेदी करविवरणात वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येत नाही, नोंदणीवरची येते. शिवाय बाहेर इतरांना ३० ग्रॅमच बाळगता येतं. नोंदणी असलेल्याला त्यावर तीस दिवसांचा साठा, जास्तीत जास्त १५० ग्रॅम.

कायद्यात आजारांची यादी नाही. गरज डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (औषध लिहून देण्याचा अधिकार असलेली परिचारिका) ठरवतात. अट मुख्य म्हणजे कॅनडात नेहमीचं वास्तव्य. त्यामुळे चार महिने नातवंडांना भेटायला आलेल्या आईवडिलांची नोंदणी होत नाही. अठराखालच्या मुलासाठी जबाबदार मोठ्या माणसाने अर्ज करायचा.

सगळं अडतं ते 'मेडिकल डॉक्युमेंट'वर, म्हणजे डॉक्टरांनी भरून दिलेल्या कागदावर. त्यात रुग्णाचं नाव, जन्मतारीख, डॉक्टरांचा तपशील, तपासणी झाली ती जागा, रोजचे ग्रॅम, मुदत आणि सही लागते. मुदत एका वर्षाच्या वर नसते, मग नवा कागद. आमचा कागद परत आला, कारण रोजच्या ग्रॅमची चौकट कोरी होती. तेल घ्यायचं तर ग्रॅम कशाला, असं क्लिनिकमध्ये वाटलं असावं. पण कायदा सुक्या कॅनाबिसच्या ग्रॅममध्येच मोजतो. तेलाचा हिशेब विक्रेता त्यावरून लावतो. त्या कोऱ्या चौकटीपायी आईचा आठवडा फुकट गेला. क्लिनिकमधून निघण्यापूर्वी तेवढं एकदा बघाच.

पुढे परवानाधारक विक्रेता निवडायचा, त्याचा नोंदणी अर्ज भरून सही करायची आणि मूळ कागद जोडायचा. फोनवर काढलेला फोटो चालत नाही. विक्रेता डॉक्टरांकडून खात्री करून घेतो आणि मग माल कुरियरने घरी येतो. दोन विक्रेत्यांकडून घ्यायचं तर दोन वेगळे कागद लागतात.

घरी झाडं लावायची असतील तर अर्ज थेट हेल्थ कॅनडाकडे, म्हणजे केंद्राच्या आरोग्य खात्याकडे. वय १८ पूर्ण हवं आणि घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती. रोजच्या एका ग्रॅममागे घरात पाच झाडं चालतात, बाहेर दोन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे औषध देशाबाहेर नेता येत नाही. कागद असला तरी नाही, सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) तेलही नाही. भारतात तर १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे, तिथे कॅनडाचा कागद दाखवून सुटका होणार नाही. भारतात जायचं ठरलं की तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना भेटा आणि तिथल्या मुक्कामात दुखण्यावर काय घ्यायचं ते लिहून घ्या.