पाय उचलला तरी सूर का थांबत नाही : सस्टेन पेडलच्या घोळाची पार्श्वभूमी

२०२० च्या टाळेबंदीत लंडनच्या परीक्षा मंडळांनी घरूनच रेकॉर्डिंग पाठवून पियानोची ग्रेड परीक्षा देण्याची सोय केली. त्यानंतर नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या माझ्या ओळखीच्या घरांमधले डिजिटल पियानो एकेक करून लॅपटॉपला जोडले गेले, आणि तक्रारी सुरू झाल्या. सस्टेन पेडलवर पाय ठेवला की सूर तुटतो, उचलला की रेंगाळतो. किंवा रेकॉर्डिंग संपलं तरी शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, हटायला तयार नाही. दोष अर्थातच लॅपटॉपला. पण निम्मा घोळ लॅपटॉपपर्यंत पोहोचण्याआधीच झालेला असतो आणि त्याची मुळं चाळीस वर्षं जुनी आहेत.

पेडल त्याहून जुनं. १७८३ साली लंडनमधल्या एका पियानो कारखानदाराने पायाने चालणाऱ्या पेडलचं पेटंट घेतलं. पियानोच्या तारांवर फेल्टच्या गाद्या टेकलेल्या असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. पेडल दाबलं की त्या सगळ्या एकदम उचलल्या जातात. म्हणजे पेडल सूर धरून ठेवत नाही, तारांना मोकळं सोडतं. आपल्याकडे पायाचं काम वेगळंच होतं. संगीत नाटकांतल्या ऑर्गनवर पाय भाता मारायचे आणि भाता थांबला की सूर संपला. तंबोऱ्याला आस असते, म्हणजे बोट काढल्यावरही सूर रेंगाळतो; पेटीला ती नसते. त्यामुळे पेटीवरून पियानोवर आलेल्या माणसाला हे पेडल नेमकं काय करतं ते समजायला वेळ लागतो.

१९८३ मध्ये, त्या पेटंटला बरोबर दोनशे वर्षं होत असताना, अमेरिकी आणि जपानी कंपन्यांनी मिळून मिडी हे मानक आणलं, इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी आणि संगणकाशी बोलायची भाषा. (नाशिकमध्ये मिडी म्हटलं की अर्ध्या लोकांना एमआयडीसीच ऐकू येतं. त्याचाही उपयोग पुढे आहे.) त्यात पेडलला कंट्रोलर क्रमांक ६४ मिळाला. किंमत ० ते ६३ असेल तर पेडल वर, ६४ ते १२७ असेल तर खाली. नावं मात्र तीन रुळली: डॅम्पर, सस्टेन आणि होल्ड. सॉफ्टवेअरच्या यादीत यांतलं कुठलंही दिसलं तरी क्रमांक ६४ असेल तर पेडल तेच.

वाद्याने संगणकाला काय सांगायचं ते अशा रीतीने ठरलं. पेडलने वाद्याला काय सांगायचं ते ठरलंच नाही. पियानोच्या मागे पेडल लावायच्या ६.३५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये काय चालतं हा प्रत्येक कंपनीचा घरगुती मामला राहिला आणि जपानच्याच दोन मोठ्या कंपन्यांनी दोन उलट पद्धती धरल्या. एकीच्या पेडलमध्ये पाय नसताना संपर्क जोडलेला असतो आणि दाबल्यावर सुटतो. दुसरीच्या पेडलमध्ये आधी सुटलेला असतो आणि दाबल्यावर जुळतो. एकीचं पेडल दुसरीच्या पियानोला लावलं की सगळं उलटं.

या फरकाला बाजारात पोलॅरिटी असं नाव पडलं, आणि माझ्या मते पेडलचा खरा घात त्या शब्दाने केला. पोलॅरिटी म्हटलं की प्लस-मायनस डोळ्यांसमोर येतं, आणि मग प्रत्येकाला हातात सोल्डरिंग गन घेऊन दोन तारा अदलाबदल कराव्याशा वाटतात. मीही केल्या आहेत. एम. जी. रोडवरून नवा जॅक आणला, तारा उलट्या जोडल्या, लावून पाहिलं, पेडल जसंच्या तसं उलटं. तसंच असणार. साध्या पेडलच्या पोटात एक पातळ धातूची पाती, एक स्प्रिंग आणि दोन तारा, बस. तारा कुठूनही कुठे जोडा, पाती टेकली तर जोडलेलं, उचलली तर सुटलेलं. प्लस-मायनसचा संबंधच नाही.

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात पॅनलवर काम करणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. मशीनचं स्टार्टचं हिरवं बटण एनओ (नॉर्मली ओपन, एरवी सुटलेलं), स्टॉपचं लाल बटण एनसी (नॉर्मली क्लोज्ड, एरवी जोडलेलं). पेडलही या दोनांपैकी एक. मल्टिमीटर बीपवर ठेवून पेडलच्या वायरीच्या जॅकच्या टोकाला आणि दांड्याला लावा. पाय न लावता बीप वाजला तर एनसी, दाबल्यावर वाजला तर एनओ. पहिल्याच दिवशी याला पोलॅरिटीऐवजी एनओ-एनसी म्हटलं असतं, तर कितीतरी जॅक वाचले असते.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा असा, की चालू होताना पियानो पेडलची स्थिती बघतो आणि जी दिसेल ती ‘पाय नाही’ अशी धरतो. म्हणून कुठलंही पेडल चालतं, असं या सोयीचे समर्थक म्हणतात. मला ती मलमपट्टी वाटते. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्याकडे एक जुना कीबोर्ड होता, त्याचं चालू-बंदचं बटण दाबलेलंच राहायचं. वीज गेली की मेणबत्ती लावून मुकाट पट्ट्या दाबत बसायचं. एकदा वीज परत आली तेव्हा माझा पाय पेडलवर होता. पुढचा अर्धा तास सगळं उलटं वाजलं आणि ते सगळं तसंच संगणकात रेकॉर्ड झालं. बंद करून, पाय बाजूला ठेवून पुन्हा चालू केला तर दोष गायब. आजही कुणाचा फोन आला की मी आधी हेच करायला सांगतो. त्यानंतर केबल काढून पियानो त्याच्याच स्पीकरवर वाजवायचा. तिथेही उलटं असेल तर लॅपटॉपचा काही संबंध नाही.

लॅपटॉपकडचा घोळ निराळा. १९९९ मध्ये यूएसबीवरून मिडीचं मानक आलं आणि हळूहळू एका केबलवर काम भागू लागलं. पण पियानो रोलवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड झालेले सूर दाखवणाऱ्या खिडकीत, पट्ट्यांच्या रेघा दिसतात, पेडल दिसत नाही. ते खाली वेगळ्या पट्टीत असतं, आणि ती बहुधा मिटलेली असते. रेकॉर्डिंग थांबवायला हात माउसवर गेला आणि पाय खालीच राहिला, तर १२७ नोंदला जातो, ० नाही. मग शेवटचा कॉर्ड लटकतो. सगळे सूर बंद करणारी ‘ऑल नोट्स ऑफ’ ही आज्ञा देऊनही तो थांबेलच असं नाही, कारण मानकाप्रमाणे पेडल वर येईपर्यंत त्या आज्ञेनेही वाट पाहायची असते. इलाज साधा: ती पट्टी उघडून शेवटी हाताने ० टाकायचा. सूर क्वांटाइझ करून, म्हणजे तालाच्या खुणांवर नेमके सरकवून, पेडल तसंच सोडलं, तरी एका कॉर्डची शेपटी दुसऱ्यात घुसते.

२०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं. पेडलच्या १२८ पायऱ्यांच्या जागी ३२ बिटांची बारीक किंमत आली, म्हणजे अर्ध्या पेडलचे बारकावेही पोचतील. जॅकमधला संपर्क जोडलेला की सुटलेला, हे मात्र त्यातही नाही. दरम्यान सुट्या पेडलच्या तळाला एक छोटा सरकबटण येऊ लागला आहे, एनओ-एनसी बदलायला. माझ्याकडच्या पेडलला तो आहे. चटईवर पेडल पुढे सरकलं की तोही सरकतो, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आहे.