ओ'नील आडनावाचा प्रवास आणि वाय-गुणसूत्राची साक्ष

1855 साली तिसरा व्हायकाउंट ओ'नील निपुत्रिक वारला आणि आयर्लंडच्या उत्तरेकडील अँट्रिम परगण्यातली शेन्स कॅसलची विस्तीर्ण जहागीर विल्यम चिचेस्टर नावाच्या एका धर्मोपदेशकाकडे गेली. विल्यमने राजपरवाना घेऊन आपले आडनाव ओ'नील असे करून घेतले. चिचेस्टर हे मूळचे इंग्लंडमधील डेव्हनचे घराणे. 1605 पासून सुमारे दशकभर आयर्लंडचा लॉर्ड डेप्युटी, म्हणजे इंग्लंडच्या राजाचा प्रतिनिधी, म्हणून कारभार पाहणारा आणि ओ'नीलांच्या मुलखात ब्रिटनमधून आणलेल्या लोकांची वसाहत उभी करणारा आर्थर चिचेस्टर याच घराण्यातला. विल्यमचा जहागिरीवरचा हक्क काही पिढ्यांपूर्वी चिचेस्टरांकडे लग्न होऊन आलेल्या एका ओ'नील कन्येमुळे होता, म्हणजे तो मुलीकडून आलेला होता. 1963 ते 1969 या काळात उत्तर आयर्लंडचे पंतप्रधान असलेले टेरेन्स ओ'नील हे याच शाखेतले. त्यांच्या पितृवंशाचा माग काढत गेल्यास तो ओ'नीलांकडे न जाता ज्यांनी ओ'नीलांना नामोहरम केले त्यांच्याच घरी पोहोचतो.

आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे दहाव्या-अकराव्या शतकात रूढ झाली. युरोपात इतक्या लवकर ती फार थोड्या ठिकाणी दिसतात. ओ'नील हे त्यांतले अगदी सुरुवातीचे आडनाव आहे. डब्लिनच्या व्हायकिंगांशी लढताना 919 मध्ये मारला गेलेला राजा नीअल ग्लून्डुव हा या आडनावाचा मूळपुरुष. त्याचा नातू डोनल, जो 956 पासून 980 पर्यंत आयर्लंडचा महाराजा म्हणवला जात होता, स्वतःला ‘ऊआ नेल’ म्हणजे नीअलचा नातू म्हणवी आणि त्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे होते. पुढच्या पिढ्यांनी नाते बदलले तरी शब्द तोच ठेवला आणि आडनाव तयार झाले. येथे एक घोळ नेहमी होतो. पाचव्या शतकातला, दंतकथांनी वेढलेला ‘नऊ ओलिसांचा नीअल’ हा वेगळा पुरुष. त्याच्या नावाने ओळखले जाणारे ई नेल हे राजघराण्यांचे मोठे जाळे होते आणि ओ'नील ही त्यातली केवळ एक फांदी. डोहर्टी, गॅलहर, ओ'डॉनल अशी कितीतरी आडनावे त्याच जाळ्यात मोडतात.

ओ'नीलांच्या उत्तरेकडील टिरोन परगण्यातल्या टलीहोग टेकडीवर ओ'नील प्रमुखाचा अभिषेक होई. तिथले दगडी आसन 1602 मध्ये इंग्रज सेनापती लॉर्ड माउंटजॉयने फोडून टाकले. मात्र हे प्रमुखपद ओ'नीलांना सुखासुखी मिळालेले नव्हते. मॅकलॉक्लिन या सग्यांशी त्यांची भाऊबंदकी अनेक पिढ्या चालली आणि 1241 च्या लढाईत मॅकलॉक्लिनांचा पाडाव झाल्यावरच ती मिटली.

जनुकीय दृष्टीने याहून रंजक प्रकरण सोळाव्या शतकातले आहे. डंडॉक गावातल्या केली नावाच्या लोहाराच्या बायकोने आपला मुलगा फेरडोरखा हा वास्तविक कॉन बाकाख ओ'नील या प्रमुखाचा असल्याचे सांगितले. मुलगा तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, रिवाजात आईने पित्याचे नाव घ्यावे आणि पित्याने ते मान्य करावे, एवढ्यावर मुलाला घराण्यात जागा मिळे. कॉनने मान्यता दिली. इतकेच नव्हे, तर 1542 मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीकडून अर्ल ऑफ टिरोन ही पदवी घेताना त्याने याच मुलाला, इंग्रजी कागदांतल्या मॅथ्यूला, वारस ठरवून घेतले. कॉनचा औरस मुलगा शेन मात्र, हा लोहाराचाच पोर आहे, असे उघडपणे म्हणत राहिला. 1558 मध्ये शेनच्या माणसांनी मॅथ्यूला ठार केले. या मॅथ्यूचा मुलगा ह्यू ओ'नील. राणी एलिझाबेथच्या सैन्याला नऊ वर्षे झुंजवणारा आणि 1598 मध्ये यलो फोर्डला त्याची दाणादाण उडवणारा हा पुरुष घराण्याचा सर्वांत मोठा नायक मानला जातो, आणि त्याच्या आजोबांबद्दलचा वाद त्याच्या जन्माआधीपासूनचा आहे.

आता वाय-गुणसूत्राकडे वळू. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, कारण त्याच्या बहुतांश भागाची आईकडून आलेल्या गुणसूत्राशी अदलाबदल होत नाही. आडनावही त्याच वाटेने जाते, म्हणून दोघांची सांगड घालण्याचा मोह संशोधकांना होणे स्वाभाविक होते. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएचा छोटा मजकूर लागोपाठ पुन्हा पुन्हा आलेला असतो आणि तो किती वेळा आला आहे, हा आकडा पिढ्यान्‌पिढ्यांत क्वचित एखाद्याने वाढतो किंवा घटतो. अशा अनेक ठिकाणचे आकडे जुळले, तर दोन पुरुषांचा समान पूर्वज फार दूरचा नसावा, असे म्हणता येते.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील डॅनियल ब्रॅडली आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वायव्य आयर्लंडमधल्या सुमारे पाचातल्या एका पुरुषात अशा आकड्यांचा एकसारखा संच आढळला आणि ई नेलशी जोडल्या जाणाऱ्या आडनावांत त्याचे प्रमाण ठळकपणे जास्त होते. जगभरात वीस ते तीस लाख पुरुषांत तो असावा, असा अंदाज मांडला गेला. वृत्तपत्रांनी लगेच नऊ ओलिसांच्या नीअलला या सगळ्यांचा बाप करून टाकले. या संचाशी निगडित एम-222 हे उत्परिवर्तन, म्हणजे गुणसूत्रातला एक कायमचा बदल, नंतर सापडले आणि पुढच्या गणितांतून ते नीअलच्या काळाहून बरेच जुने असल्याचे दिसू लागले. स्कॉटलंडच्या सखल भागातही ते आढळते. सत्ताधारी घराण्यांच्या मुलांना जमीन आणि बायका मिळण्याची संधी जास्त, हे अभ्यासातले स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. एका नावाजलेल्या पुरुषावर सगळा भार टाकणे मला घाईचे वाटते.

साधे गणित करून पाहावे. डोनलपासून आजपर्यंत सुमारे 1040 वर्षे झाली. एक पिढी 30 वर्षांची धरली, तर 35 पिढ्या होतात. दत्तकविधान, मुलीकडून आलेला वारसा, लपवलेले पितृत्व अशा कारणांनी दर पिढीला केवळ एक टक्का ठिकाणी साखळी तुटते असे मानले, तरी आज तीस टक्के वंशजांकडे आडनाव असेल पण मूळ गुणसूत्र नसेल. दर दोन टक्के धरला तर हे प्रमाण निम्म्यावर जाते.

या सगळ्यात स्थलांतराने आणखी भर घातली. दक्षिणेकडील किन्सेलला इंग्रजांकडून पराभव आणि 1603 चा तह झाल्यानंतर ह्यूने 1607 मध्ये उत्तरेकडील रथमलनच्या किनाऱ्यावरून जहाज पकडले आणि 1616 मध्ये तो रोममध्ये वारला. त्याच्या मागोमाग ओ'नील पुरुष स्पेनच्या लष्करात शिरले. त्यांपैकी आर्तुरो ओ'नील अठराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम फ्लोरिडा आणि युकातानचा गव्हर्नर झाला. क्लँडेबॉय या ओ'नीलांच्या पोटघराण्याची एक शाखा लिस्बनमध्ये स्थिरावली. ही सरदारांची वाट झाली. 1845 ते 1852 च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देशोधडीला लागली. त्यांतले ओ'नील बहुतेक गरीब कुळे होती आणि ती सगळी टिरोनची नव्हती. कार्लो, क्लेअर आणि वॉटरफर्ड भागांत याच आडनावाची स्वतंत्र घराणी होती, कारण नीअल हे नाव काही एकाच राजाचे नव्हते. 1936 चे नोबेल मिळवणारे नाटककार युजीन ओ'नील यांचे वडील किलकेनीहून लहानपणी अमेरिकेत आलेले, म्हणजे अल्स्टर या आयर्लंडच्या उत्तरेकडील प्रांतापासून पुष्कळच दक्षिणेकडले.

कागदांची साथ इथे तोकडी पडते. 1922 च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सार्वजनिक दफ्तर जळाले आणि 1821 ते 1851 च्या जनगणनेच्या बहुतेक वह्या त्यात गेल्या. 1861 ते 1891 च्या त्याआधी सरकारनेच नष्ट केल्या होत्या. उरला तो ग्रिफिथ यांचा 1847 ते 1864 मधला जमीन-मूल्यांकनाचा तपशील, ज्यात कुळाचे नाव खेड्याच्याही खालच्या पातळीपर्यंत, म्हणजे टाउनलँडनिहाय, नोंदलेले आहे. त्यामुळे बॉस्टनमधल्या दोन ओ'नीलांची गुणसूत्रे जुळली नाहीत, तर कोण खरा आणि कोण खोटा हे विचारण्याआधी एकाचे टाउनलँड टिरोनमध्ये आणि दुसऱ्याचे कार्लोमध्ये सापडते का, हे पाहावे लागते.