टीमचा डॉक्टर परदेशात कुठल्या लायसन्सवर इंजेक्शन देतो?

ऑलिम्पिकला टीमसोबत डॉक्टर, फिजिओ येणार हे आपण धरूनच चालतो, पण कायद्याने बघायला गेलं तर परदेशात विमानातून उतरला की तो माणूस तिथला डॉक्टर नसतोच. लायसन्स हे मुळात त्या त्या जागेपुरतं. ब्रिटनमध्ये १८५८ च्या मेडिकल ॲक्टने डॉक्टरांचं रजिस्टर आलं ते शिकलेला डॉक्टर कोण आणि नुसता म्हणवून घेणारा कोण हे लोकांना कळावं म्हणून, तेव्हा पाहुण्या टीमच्या डॉक्टरचा विचार कोण करणार! अमेरिकेत तर दर राज्याचं बोर्डच वेगळं.

आणि दोन-तीन आठवड्यांच्या स्पर्धेसाठी शेकडो डॉक्टरांची कागदपत्रं तपासून पक्कं रजिस्ट्रेशन द्यायचं म्हणजे स्पर्धाच उरकून जायची.

यावर व्यवस्थित लिहून ठेवलेला कायदा बघायचा तर सिडनी २०००. न्यू साउथ वेल्सने तीन वर्षं आधीच, १९९७ मध्ये, खास इव्हेंटसाठी पाहुण्या टीमच्या डॉक्टरांना रजिस्ट्रेशनमधून सूट देणारा कायदा केला. क्वीन्सलँडने १९९८ मध्ये आणि साउथ ऑस्ट्रेलियाने २००० मध्ये तसेच कायदे केले, कारण तेव्हा ऑस्ट्रेलियातही रजिस्ट्रेशन राज्याराज्याचं होतं आणि ऑलिम्पिकच्या फुटबॉल मॅचेस ब्रिस्बेन, ॲडलेडलाही होत्या. अशी सूट देण्याचा साचा साधारण एकच असतो, ठरलेल्या तारखा आणि फक्त आपल्याच टीमची माणसं, म्हणजे स्टँडमधल्या प्रेक्षकाला तपासायला गेलात तर सूट लागू नाही.

सूट लायसन्सपुरती, जबाबदारी कुठे जात नाही. त्याच सिडनीत रोमानियाच्या आंद्रेया रादुकानला तिच्याच टीमच्या डॉक्टरने सर्दीची गोळी दिली, त्यात तेव्हा खेळाडूंना बंदी असलेलं स्यूडोएफेड्रिन होतं, आणि जिम्नॅस्टिक्सचं ऑल-अराउंड गोल्ड गेलं. माझ्या मते सगळ्यात वाईट भाग हा की गोळी डॉक्टरची आणि मेडल पोरीचं.

पॅरिसच्या वेळी फ्रान्सने १९ मे २०२३ च्या ऑलिम्पिक कायद्यातच परदेशी डॉक्टरांची सोय करून टाकली. पण त्या कायद्यातल्या एआय कॅमेऱ्यांवरून एवढा गदारोळ झाला की ही कलमं फार कोणी वाचलीही नसतील.

अमेरिकेची गंमत अशी की तिथे हा प्रश्न घरच्याच डॉक्टरांना होता. टीमबरोबर दुसऱ्या राज्यात गेलं की मालप्रॅक्टिस इन्शुरन्स (उपचारात चूक झाल्याचा दावा आला तर कामी येणारा विमा) चालेल का याचीच खात्री नाही, शेवटी २०१८ मध्ये केंद्रीय कायदा करून ते मिटवलं, तेही हॉस्पिटलमधले उपचार वगळून. पण तो कायदा अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं लायसन्स असलेल्यांसाठी, परदेशी डॉक्टर त्यात बसतच नाही, त्याला त्या त्या राज्याच्या नियमात सूट आहे का ते बघावं लागतं. आणि २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला तीन देश, १६ शहरं, त्यातली ११ अमेरिकेत, म्हणजे सिएटलला चाललेली सूट ह्यूस्टनला चालेलच असं नाही.