डॉ. ममताच्या तळहातावरचा घाम

मागच्या महिन्यात इथे सोलापुरातच एका शाळेत नाट्यस्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. आठवीच्या पोरांनी वीसेक मिनिटांचं नाटुकलं बसवलं होतं. पुराच्या छावणीत दोन डॉक्टर. एक डॉ. बुद्धिसागर, चष्मा, हातात पॅड, पेशंटला नंबर देत फिरणारा, आणि दुसरी डॉ. ममता, जी प्रत्येकापाशी बसते, हात धरते, रडते, आणि शेवटी तिच्या रडण्याच्या नादात औषध भलत्याच माणसाला जातं. पडदा पडताना बुद्धिसागर म्हणतो, "भावना बाजूला ठेवल्या की उत्तर बरोबर येतं." जोरात टाळ्या. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी पण मान डोलावली, "बरोबर आहे की ओ, आजकाल इमोशनल होऊन चालतंय का?"

पोरांनी काम झकास केलं, बक्षीसही आम्ही त्यांनाच दिलं. पण ते शेवटचं वाक्य घेऊन मी घरी आले ते डोक्यातून जाईचना. ही जोडी आपण लहानपणापासून बघतोय, हिशोबी थोरला आणि हळवा धाकटा. काशीहून रामेश्वरला नेत असलेलं गंगेचं पाणी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे एकनाथ महाराज गोष्टीत आपल्याला आवडतात, पण घरातलं कुणी तसं वागलं की आपण त्याला व्यवहार कळत नाही म्हणतो. दोन्ही वेळेला आपण धरून चालतो की दया एका पारड्यात आणि अक्कल दुसऱ्या पारड्यात. मेंदूवाले लोक गेली तीस-चाळीस वर्षं दाखवून देतायत की पारडी अशी वेगळी नाहीतच, आणि त्याचा पुरावा इतका सुंदर आहे की तो सांगायलाच हे लिहायला बसले.

फिनिअस गेजची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल म्हणून थोडक्यात. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेसाठी सुरुंग लावताना एक मीटरभर लांबीची, सहा किलोची लोखंडी पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून घुसून कवटीच्या वरून बाहेर पडली. माणूस वाचला. बोलता येत होतं, चालता येत होतं, पण त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की स्वभाव आणि निर्णय घेण्याची पद्धत पार बदलली. गेला होता तो भाग कपाळामागचा, मेंदूच्या पुढच्या टोकाचा.

खरी मजा सुरू होते ती एलियटपासून. हे त्याचं खरं नाव नाही, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. अँटोनिओ डमासिओ यांनी आपल्या पेशंटला दिलेलं टोपणनाव. तिशीतला, हुशार, चांगली नोकरी, बायकोमुलं. कपाळामागे गाठ झाली, ऑपरेशन करून काढली, आणि तिच्यासोबत खराब झालेला मेंदूचा थोडा भाग पण काढावा लागला. नंतरच्या सगळ्या टेस्टमधे तो पास! आयक्यू उत्तम, स्मरणशक्ती उत्तम, गणित उत्तम. पण ऑफिसात कागद लावायला बसला की तारखेप्रमाणे लावू की विषयाप्रमाणे यातच अख्खी दुपार जायची. नोकरी गेली, नको त्या धंद्यात पैसे घातले ते बुडाले, संसार मोडला. आणि हे सगळं तो डमासिओंना शांतपणे सांगायचा, जणू दुसऱ्या कुणाची तरी हकीकत. भयंकर अपघातांचे फोटो दाखवले तर म्हणायचा, पूर्वी मला हे बघून काहीतरी व्हायचं हे कळतं, पण आता काही होत नाही. म्हणजे आमचा डॉ. बुद्धिसागर, तंतोतंत, भावना पूर्ण बाजूला ठेवलेला. आणि त्याला साधं उत्तर निघत नव्हतं.

का निघत नव्हतं? यासाठी अमेरिकेतल्या आयोवाच्या डॉ. बेकारा आणि डमासिओंच्या टीमने पत्त्यांचा एक खेळ तयार केला, १९९४ मधे छापून आला, आणि माझ्या मते इतका साधा आणि इतका धारदार प्रयोग शोधून सापडायचा नाही. चार गड्ड्या, अ, ब, क, ड. खेळायला दोन हजार डॉलर, खोटे. शंभर वेळा पान उचलायचं, कुठल्याही गड्डीतून. अ आणि ब मधल्या प्रत्येक पानाला १०० डॉलर मिळतात, क आणि ड मधे फक्त ५०. साहजिकच हात अ-ब कडे जातो. पण मधेच दंडाची पानं निघतात, आणि अ-ब चे दंड असे लावलेत की दहा पानांमागे हजार मिळतात आणि साडेबाराशे जातात, निव्वळ २५० चा तोटा. क-ड मधे दहा पानांमागे पाचशे मिळतात, अडीचशे जातात, २५० चा फायदा. हा हिशोब खेळणाऱ्याला सांगितलेला नसतो, आणि मनातल्या मनात करता येईल इतका तो सोपा पण नाही, कारण ब मधे दंड क्वचित येतो पण आला की एकदम मोठा.

आता यातली गंमत अशी की खेळणाऱ्याच्या हाताला दोन इलेक्ट्रोड लावलेले असतात आणि मशीन त्वचेतून किती वीज जाते ते मोजत असतं. उन्हाचा घाम आपल्याला कपाळावर आणि पाठीवर येतो, सोलापूरकरांना हे सांगायला नको, पण तळहाताच्या घामग्रंथींना चालू करतं ते मुख्यतः मन, म्हणजे भीती, उत्कंठा, ताण. कपाळामागच्या मधल्या-खालच्या भागातून (नाव लांबलचक आहे, व्हेंट्रोमेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स) आणि अमिग्डालाकडून (भीतीची दखल घेणारा भाग) निरोप हायपोथॅलॅमसला (शरीराच्या आपोआप चालणाऱ्या कामांवर लक्ष ठेवणारा भाग) जातो, तिथून मेंदूच्या देठातून मज्जारज्जूत, मग सिंपथेटिक (शरीराला आपोआप सावध करणाऱ्या) नसांमधून ग्रंथीपर्यंत. आणि इथे एक अपवाद आहे जो मला फार आवडतो. सिंपथेटिक नसा एरवी टोकाला निरोप पोचवणारं रसायन म्हणून नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात, पण घामग्रंथीपाशी त्या अ‍ॅसिटिलकोलिन सोडतात, ग्रंथीत खारं पाणी चढतं, विजेला होणारा रोध कमी होतो, मशीनचा काटा हलतो. उलट दिशेने शरीराची ही सगळी खबर मेंदूतला इन्सुला नावाचा भाग वाचत असतो. निरोप गेला, शरीर बदललं, बदल परत मेंदूला कळला, असं चक्र. अनुभवाने शरीरावर उमटलेल्या आणि निर्णयाच्या वेळी वर येणाऱ्या या खुणेला डमासिओ सोमॅटिक मार्कर म्हणतात, आपण शरीरखूण म्हणू.

१९९७ मधे याच टीमने दाखवलं की साधारण दहा पानं होऊन थोडे दंड बसले की निरोगी माणसाचा हात अ-ब गड्डीकडे जायला लागला की पान उचलायच्या आधीच तळव्याला घाम फुटतो. तोंडाने विचारलं तर माणूस अजून म्हणतो, काही कळेना बुवा. पन्नासाव्या पानाच्या आसपास तो म्हणतो, त्या गड्ड्या बरोबर वाटत नाहीत. ऐंशीच्या आसपास बरेच जण नियम नीट सांगू शकतात. आणि एलियटसारखे, कपाळामागचा तो भाग गेलेले पेशंट? त्यांना हा आधीचा घाम येतच नाही. यातल्या काहींनी तर शेवटी अचूक सांगितलं की अ-ब वाईट आहेत, आणि पुढचं पान अ मधूनच उचललं! माहिती होती, पण ती बोचत नव्हती.

मला हे वाचून राहवेना, म्हणून नव्या पेठेतून साधा मल्टिमीटर आणला, किलोओहमवर लावला, आणि त्याच्या दोन्ही पिना बहिणीला दोन हातांच्या चिमटीत धरायला दिल्या. नऊशेच्या आसपास आकडा स्थिर झाला. मग मी नुसतं म्हणाले, "अगं, बंड्या अजून क्लासवरून आला नाही का?" दोन सेकंद काही नाही, आणि मग आकडा घसरायला लागला, साडेआठशे, आठशे, सातशे वीस. ती नुसती बसली होती, चेहऱ्यावर काही नाही. (बंड्या आतच होता, आणि नंतर मला भरपूर ऐकून घ्यावं लागलं.)

"आतला आवाज" म्हणून दुकान मांडणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. पहिल्या पानाला कुणालाच घाम येत नाही. आधी दंड सोसावे लागतात, मग खूण तयार होते. ही दिव्यदृष्टी नाही, ही अनुभवाची खतावणी आहे. मधे डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांना वाचायला लावणाऱ्या मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनच्या क्लासेसचं पेव फुटलं होतं, हजारो रुपये फी. मिडब्रेन, म्हणजे मेंदूचा मधला भाग, प्रत्येक पोराचा जन्मापासून चालूच असतो, आणि पट्टीतून वाचता येतं ते नाकाशेजारच्या फटीतून. आईबापांनी त्या पैशात पोराला पुस्तकं आणून द्यावीत. आणि दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की डमासिओंच्या म्हणण्याला पण आव्हान मिळालंय. २००४ मधे दोन संशोधकांनी तोच खेळ घेऊन नीट खोदून प्रश्न विचारले, तर लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा बरंच आधी कळलेलं असतं असं निघालं. तेव्हा हाताला आधी कळतं की डोक्याला, यावर वाद आहे. पण ती खूण गेलेल्या माणसांचे निर्णय कोसळतात यात फारसा वाद नाही.

दवाखान्यात जुन्या सिस्टर पेशंटकडे बघून "याला आधी घ्या" म्हणतात, चार्टवर सगळं नॉर्मल असलं तरी. बेल्जियममधे ३,८९० आजारी मुलांवर हे तपासलं, ते २०१२ मधे छापून आलं. डॉक्टरांनी तपासून गंभीर नाही ठरवलेली ३,३६९ मुलं होती, त्यातली सहा नंतर गंभीर इन्फेक्शनची निघाली. ज्यांच्याबाबत डॉक्टरला आतून काहीतरी बरोबर वाटत नव्हतं त्यांच्याकडे पुन्हा लक्ष दिलं असतं तर सहापैकी दोन सापडली असती, आणि त्यासाठी ४४ वेळा विनाकारण धावपळ झाली असती. हा सौदा मला तरी महाग वाटत नाही. आणि ही शंका ज्या गोष्टींमुळे यायची त्यात आईवडिलांची काळजी फार वरती होती, "हे याचं नेहमीचं आजारपण नाही ओ" असं म्हणणारी आई. तिची माया हीच तिथे माहिती होती.

तरी कुणी म्हणेल, कठीण निर्णयात भावना आड येतातच की. येतात. पाच जणांना वाचवायला एकाला स्वतःच्या हाताने मारायचं का, असल्या प्रश्नांना कपाळामागचा तो भाग गेलेले सहा पेशंट २००७ च्या एका अभ्यासात इतरांपेक्षा जास्त वेळा "हो" म्हणाले. झालं, थंड तर्क सापडला असं वाटतं. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात असेच पेशंट पैसे वाटून घ्यायच्या खेळात बसवले. समोरचा दहातले दोन देतो, घेतले तर दोन मिळतात, नाकारले तर दोघांनाही शून्य. निव्वळ तर्क म्हणेल घे. हे पेशंट उलट इतरांपेक्षा जास्त वेळा चिडून नाकारत होते! म्हणजे करुणा गेली तिथे तर्क राज्य करतो असं नाही, राग मोकाट सुटतो.

मग डॉ. ममताचं चुकलं कुठे? याचं उत्तर मेंदूसंशोधक टानिया सिंगर यांच्या कामात मिळतं. २००४ मधे त्यांनी सोळा जोडपी घेतली, जोडीतली बाई मेंदूच्या स्कॅनरमधे, आणि शॉक कधी तिच्या हाताला, कधी जोडीदाराच्या. त्याला शॉक बसतो कळलं की तिच्या मेंदूत वेदनेच्या त्रासाशी संबंधित काही भाग, त्यातलाच तो इन्सुला, स्वतःला शॉक बसल्यासारखे पेटायचे. ही सहवेदना. पण पुढे त्यांच्या टीमला दिसलं की लोकांना नुसतं दुसऱ्याचं दुःख अंगावर घ्यायला शिकवलं तर ते खचतात, आणि नंतर त्यांनाच करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं या भावनेचा सराव दिला तर मेंदूतलं वेगळंच जाळं कामाला लागतं, जिव्हाळ्याचं आणि समाधानाचं, आणि खचणं कमी होतं. आपण दोन्हीला दयाच म्हणतो. ममता पहिल्यात अडकली होती.

आपल्या भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, त्याच शाळेची पोरं दरवर्षी तिथे जातात. १९३८ मधे पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते, आणि १९४२ मधे तिथेच वारले. युद्धातल्या दवाखान्यात रोज ठरवावं लागतं की टेबलावर आधी कोण. ते ठरवणारा माणूस हजारो मैलांवरून आला होता तो परक्यांच्या जखमांची काळजी वाटून.

परवा मल्टिमीटर घेऊन मी परत त्या शाळेत गेले. डॉ. ममता झालेली पोरगी पूर्व भागातली, घरी यंत्रमाग. सगळं ऐकून तिने विचारलं, "मॅडम, मग मी रडू की नको?" म्हटलं, तूच बघ. तिने पिना चिमटीत धरल्या आणि खाटेवर झोपलेल्या पेशंटकडे, म्हणजे वर्गातल्याच एका मुलाकडे, बघत बसली. बुद्धिसागर पॅड विसरून मीटरवर वाकला होता. आकडा उतरायला लागला तशी ती म्हणाली, "याचा श्वास बघ बे, जोरात चाललाय. याला आधी घे." तो मुलगा खरंच जिना पळत चढून आला होता. संवाद नाटकात नव्हता. आता घातलाय.